वाजू दे

चिमणीने नग माझ्या टेबलावर ठेवला आणि तोंडातून अवाक्षर न काढता उभी राहिली. चिमणी पॅकिंगला आहे. अंगाने एवढीशी, दोन मुलांची आई, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू म्हणून चिमणी. ती गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला हातोडी खाली ठेवायच्या आतच कळलं. "काय गं?" "मावशी, हा खोक्यात ठेवताना दुसऱ्याला लागला. बद्द वाजला." "तुझाच हात आला असेल मध्ये." "असेल. पण तुम्ही एकदा बघा ना." आमच्याकडे बघणं म्हणजे वाजवणं. विजेच्या खांबांवर तारा ज्यांच्या आधाराने धरलेल्या असतात ते चिनी मातीचे तपकिरी इन्सुलेटर आमच्या कारखान्यात होतात, आणि भट्टीतून निघालेला प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. डाव्या हाताच्या तीन बोटांवर तो त्याच्या मानेपाशी अलगद तोलायचा, उजव्या हाताने लाकडी हातोडी हलकेच मारायची, आणि ऐकायचं. धड नग खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द वाजतो, एवढं तर बाजारात कुंडी विकत घेणारी बाईसुद्धा सांगेल. खरी गोम असते ती केसासारख्या चिरेत. तसा नग सुरुवातीला अगदी चांगल्यासारखाच वाजतो, फक्त त्याच्या आवाजाची शेपटी आखूड असते. धड नगाचा आवाज लांबत लांबत, बारीक होत विरतो. चिरेचा नग मध्येच गप्प होतो. ती शेपटी ऐकायचा पगार मी गेली बावीस वर्षं घेते आहे. चिमणीचा नग मी वाजवला. खणखणीत. पुन्हा वाजवला. शेपटी लांबच्या लांब. "बघ," मी म्हणाले. चिमणी माझ्याकडे बघत होती, एखाद्याच्या कपड्याला मागून डाग लागलाय आणि सांगावं कसं, तशी. तेव्हा मी बावीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. नग वाजवला आणि लगेच मुठीत गच्च धरला. मुठीत धरला की आवाज मेला पाहिजे. आवाज चालूच होता.

तो मला अनोळखी नव्हता. दोन वर्षं झाली, तो माझ्याकडे बिनभाड्याचा राहतो आहे. पण तो घरचा होता, उशीवरचा होता. दिवा मालवला की डाव्या कानाच्या मागे कुठेतरी सुरू व्हायचा, बारीक, चिवट, न थांबणारा, आणि मी कूस बदलली की माझ्याबरोबर कूस बदलायचा. कामावर एकामागून एक नग वाजत राहतात, त्यात तो मिसळून जायचा. मिसळून जातो, असं मी समाधानाने म्हणायचेसुद्धा. मूर्ख बाई! मिसळून जात होता म्हणूनच तर घात झाला. तडकलेला नग जिथे गप्प होत होता तिथून पुढचा आवाज माझा कान आपल्या पदरचा घालत होता. किती नगांना माझ्याच डोक्यातली शेपटी जोडून मी धडधाकट म्हणून पुढे पाठवलं असेल? पुढे विजेची चाचणी होते म्हणा, पण ती शंभरातल्या पाचांची. मला शिकवणारा म्हातारा एकच गोष्ट सांगायचा: चिरेत ओल शिरली की माती वीज अडवत नाही, आणि मग खांबावर तार धरायला चढलेल्या माणसाचं घर उघडं पडतं. तो माणूस कोण, कुठला, मला कधीच दिसणार नाही. पण त्या क्षणी तो मला चिमणीच्या मागे उभा असलेला दिसला, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. चिमणी वाकून हळूच म्हणाली, "मावशी, मी कोणाला नाही सांगणार. हातातून पडला म्हणते आणि फोडून टाकते." पोर चांगली आहे. मी म्हणाले, "फोडायचा नाही. इथेच राहू दे माझ्यासमोर."

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडवेना. पॅकिंगच्या मागे पेंढ्याची खोली आहे; खोक्यांत नगांच्या मधे घालायचा पेंढा तिथे छतापर्यंत रचलेला असतो आणि शेजारची भिंत भट्टीची, त्यामुळे कायम कोमट. कोणाच्या नजरेला पडायला नको म्हणून मी तिथे जाऊन बसले. बसले ती आडवी झाले. रडावं असा बेत होता. रडायला तोंड वाकडं केलं असेल-नसेल, आणि डोळा लागला. वीस मिनिटं. स्वप्न नाही, काही नाही, विहिरीत दगड सोडावा तशी मी खाली गेले. उठले ती चिमणीच्या हाकेने, केसांत पेंढा, आणि आधी कळेचना काय वेगळं आहे ते. मग कळलं. गप्प होतं. अगदी मुकं नाही, दूरच्या घरात कोणीतरी कुजबुजावं इतपत होतं, पण जागा मोकळी होती. मी धावत टेबलाशी गेले आणि तो नग उचलून वाजवला. टण्ण, आणि बस्स. शेपटी तुटलेली. लहान मुलालाही कळावं इतका बद्द. मी तो दहा वेळा वाजवला. चिमणी टाळ्या पिटायची बाकी राहिली होती.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी वर्षभरापूर्वी गेले होते, तेव्हा त्यांनी हे सांगितलं होतं आणि मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलता बोलता टाइप करणाऱ्या. म्हणाल्या, "कान थोडा झिजलाय, पण आवाज कानात नाहीये. मेंदूच स्वतःशी वाजवतोय. गाढ झोपेत मेंदूचा तो भाग दुसऱ्या कामाला लागतो, तेव्हा हा आवाज दबत असावा, असं हल्ली मानतात. झोप मोडकी असली की तो चढतो." "आणि आवाजामुळेच झोप मोडत असली तर?" "तेच तर!" असं म्हणून त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "बरं, तुम्ही सलग किती तास झोपता?" मी विचारलं, "कधी? या महिन्यात की या जन्मात?" त्यांनी टाइप करणं थांबवलं. आता माझ्याकडे बघतील आणि विचारतील असं मला वाटलं. त्यांनी कागदावर लिहिलं, पुरेशी झोप घ्या. जशी काही ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि मी आळसाने आणलेली नाही.

माझी झोप कधी माझी नव्हतीच. वडिलांना दमा होता आणि मी थोरली, म्हणून माझं अंथरूण त्यांच्या खाटेशी. "हिचा कान तिखट आहे," वडील कौतुकाने सांगायचे, "मी खोकायच्या आधी उठते." आठ वर्षांची होते, मला ते बक्षीस वाटायचं. आई तर झोपलेली मी पाहिलीच नाही. आम्ही झोपायच्या आधी ती जागी, उठायच्या आधी उठलेली, आणि झोपाळू बाई घर बुडवते हे तिचं ठरलेलं वाक्य. मग लग्न, मग मुलगी, ती दीड वर्षाची होईपर्यंत रात्रीचा दिवस करणारी. मग ती मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि आता झोपेन म्हणेपर्यंत सासूबाई पडल्या. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. बोलणं गेलं, पण उजवा हात चालायचा. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. काही हवं असलं की चमच्याने पेला वाजवायच्या. पाणी हवं, टिंग. कूस बदलायची, टिंग. भीती वाटली, टिंग. मी त्यांच्या दाराशी बोळात गादी घालून झोपायला लागले, कारण बेडरूममधून ऐकू येत नाही असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवलं कोणी ते विचारू नका. मी त्यांचं सगळं केलं, आणि त्यांच्या मरणाची वाटही पाहिली. दोन्ही खरं आहे. चांगलं केलं म्हणून वाट पाहिली नाही असं नाही, आणि वाट पाहिली म्हणून कमी केलं असंही नाही. आणि मग एका रात्री मी झोपले. काही झालं नव्हतं, काही खाल्लं-प्यायलं नव्हतं, नुसती झोपले, दगडासारखी, सहा तास, सहा वर्षांत पहिल्यांदा. सकाळी त्या गार होत्या आणि चमचा जमिनीवर पडला होता. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "तिने वाजवलं नाही का गं?" मी म्हणाले, "नाही." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने फिरवून फिरवून तेच विचारलं, आणि मी प्रत्येकाला तेच सांगितलं. त्याच रात्री, सगळे गेल्यावर, घर चिडीचूप झाल्यावर, कानामागे ते सुरू झालं. आणि मी गादी उचलली नाही. सासूबाई गेल्या, खोली बंद झाली, पण दोन वर्षं मी त्या बंद दाराशी, त्याच बोळात झोपते आहे. ऊठ तिथून, असं मला कोणी म्हणालं नाही. मीही स्वतःला म्हणाले नाही.

हे सगळं त्या दुपारी पेंढ्यातून उठल्यावर मला एकदम, एका ओळीत दिसलं आणि माझं डोकं फिरलं. दुःख झालं नाही, राग आला. तो नग घेऊन मी तडक सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. सुपरवायझर माझ्याच टेबलावर शिकलेला. पहिल्या आठवड्यात तडकलेला आणि धड ओळखता येईना म्हणून डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या. आता इतरांसमोर मला मॅडम म्हणतो, काम असलं की मावशी. मी नग त्याच्या कागदांवर ठेवला. "हा मी सकाळी पास केला. तडकलेला आहे. माझे कान वाजतात, दोन वर्षं झाली. कालची आणि आजची खोकी उघड, मी सगळी परत वाजवते." तो आधी दाराकडे धावला आणि दार लावून आला. "मावशी, हळू! हे असं कोणी येऊन सांगतं का?" "मग कसं सांगतात?" "सांगतच नाहीत." त्याने नग कागदांवरून उचलून बाजूला ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही लेबलांच्या टेबलावर जा ना. बसून काम, कटकट नाही. या वयात जरा आराम." "आराम नकोय मला. झोप हवीये. त्या दोन्हीत फरक आहे." "म्हणजे?" "म्हणजे मी झोपून उठले की मला ऐकू येतं. आत्ता वीस मिनिटं झोपले आणि हा पकडला. जेवणाच्या सुट्टीत मी पेंढ्यात झोपणार, रोज. घरी झोपायचं ते मी बघते." "कारखान्यात झोपायची परवानगी मागताय तुम्ही?" "मागत नाहीये. कळवतेय." तो हसला, मग हसू आवरलं. शेवटी खोकी उघडायला तयार झाला, मनात धास्ती होतीच त्याच्याही, आणि म्हणाला, "शुक्रवारी चाचणी. विजेवर आधीच तपासलेले तीस नग, त्यातले तडकलेले कोणते ते मला माहीत. एक जरी चुकला तर लेबलं. मग वाद नाही." मी कबूल केलं. दोन दिवसांची खोकी मी आणि चिमणीने संध्याकाळपर्यंत उपसली. तीन निघाले. तिन्ही मी हाताने फोडले, आणि प्रत्येकाच्या आत ती रेघ होती. त्याआधी गेलेल्या खोक्यांचं काय, असं मी सुपरवायझरला विचारलं, तेव्हा त्याने चार ठिकाणी फोन लावले, आणि मी ते लावून होईपर्यंत समोरून हलले नाही.

घरी गेले, जेवणं झाली, आणि मी बोळातली गादी उचलली. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं. बंद खोलीचा वास, भिंतीला टेकवलेली खाट, खिडकीत तो पेला, त्यात चमचा. नवरा टीव्हीसमोरून उठून आला. "हे काय?" "मी इथे झोपणार. आतून कडी लावून." "कडी कशाला? रात्री मला काही लागलं तर?" नवरा निवृत्त आहे, तब्येतीने ठणठणीत, त्याला रात्री लागतं म्हणजे पाणी लागतं, ॲसिडिटीची गोळी लागते, आणि चार वाजता उठून बसला की कोणीतरी जागं लागतं. "पाणी स्वयंपाकघरात आहे. गोळ्या कपाटात, वरच्या खणात. लागलं तर उठून घ्या." "आणि माझ्याच जिवाला काही झालं तर? आईसारखं?" तो हे बोलला आणि बोलून गेल्यावर त्यालाच कळलं की काय बोललो. दोन वर्षं जे घरात नुसतं फिरत होतं ते बाहेर पडलं होतं. मी आवाज चढवला नाही. "त्या रात्री त्यांनी वाजवलं की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी नाही म्हणाले होते ते खोटं होतं. मी झोपले होते. मला ऐकू आलं नाही. तुम्हालाही आलं नाही. तुमची आई होती, आणि तुम्हालाही दोन कान होते." नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, आणि मला त्याची दया आली, हेही सांगून टाकते. पण दया आली म्हणून मी गादी परत बोळात नेली नाही. "झोपा आता," मी म्हणाले आणि कडी लावली. खाटेवर पडले. आवाज होताच, पुरेपूर होता, सासूबाईंच्या चमच्यासारखा बारीक आणि हट्टी. मी त्याला म्हणाले, वाज. जितकं वाजायचंय तितकं वाज. मी उठणार नाहीये. पहिल्या रात्री तोच जिंकला. दुसऱ्या रात्री बरोबरी झाली. तिसऱ्या रात्री मी कधी गेले कळलं नाही, आणि सकाळी स्वयंपाकघरात नवरा स्वतःचा चहा स्वतः करत उभा होता, साखर कुठे असते ते न विचारता.

शुक्रवारी सुपरवायझरने तीस नग माझ्या टेबलावर ओळीने मांडले. हातात कागद, कागदावर आकडे, कागद छातीशी धरलेला. चिमणी खोकी बांधायचं सोडून दारात आली होती, आणि तिच्या मागे पॅकिंगच्या आणखी दोघी. मी एकेक उचलत गेले. धड. धड. तडकलेला. धड. कान स्वच्छ होता असं म्हणत नाही. तो कुजबुजत होताच, पण मला आता त्याची जागा माहीत होती. नगाची शेपटी कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, त्यामधली फट दिसत होती. अठरापर्यंत फट होती. एकोणिसावा वाजवला आणि फट मिळेना. मुठीत धरून पाहिला, सोडून पाहिला, दुसऱ्या कानाशी नेला. मग बाजूला ठेवला आणि पुढचे अकरा संपवले. "हा एकोणिसावा?" सुपरवायझरने विचारलं. "हा कळत नाही." "असं नाही चालत, मावशी. पास की नापास, एक काहीतरी बोला." "अंदाज ठोकू? ठोकते. वीस वर्षं ठोकला नव्हता, मग दोन वर्षं नकळत ठोकला. 'कळत नाही' म्हणायची इथे कोणाला सोयच नाही, म्हणून चिमणीने आणलेला तो नग पास झाला." "बाकीचे एकोणतीस बरोबर आहेत," तो कागद बघत, जरा ओशाळून म्हणाला. "पण अट तीसची होती." "मी कुठे नाही म्हणतेय? अट तीसची, दिवस आजचा. आज अजून संपलेला नाही. सुट्टी झाली, मी अर्धा तास झोपते, उठून सांगते." कोणीतरी हसलं. माझ्यावर हसायचं असेल तर हसा, मी मनात म्हटलं, झोपेत माझं तोंडही उघडं राहतं, तेही बघायला या. मी पेंढ्याच्या खोलीत गेले, दार उघडंच ठेवलं, चपला काढल्या आणि सगळ्यांच्या देखत आडवी झाले. एका बाईने भर दुपारी, कामाच्या जागी, डोळे मिटून पडणं किती उघडं वाटतं हे आडवं झाल्यावर कळलं. आई काय म्हणाली असती तेही आठवलं. आठवू दिलं. भिंत कोमट होती, पेंढा मानेला टोचत होता, आवाज आपलं काम करत होता, आणि मी माझं करायला लागले.

किती वेळ गेला माहीत नाही. आधी पावलं ऐकू आली, मग चिमणीची कुजबुज, "झोपू द्या ना हो त्यांना," मग सुपरवायझरची, "साहेब बारा पन्नासला येतायत, माझी पंचाईत होईल." मग माझ्या डोक्यापाशी तो गुडघ्यावर बसल्याचं, पेंढा दबल्याचं कळलं. त्याने तो एकोणिसावा नग तीन बोटांवर तोलला असणार, मीच शिकवलं तसा, कारण हातोडीचा घाव अगदी बेताचा, अचूक पडला. टण्ण. जन्मभर अशा आवाजाने माझे पाय माझ्या आधी जमिनीला लागत आले. पाय पडून राहिले. मिटल्या डोळ्यांनी मी आवाज येताना ऐकला, लांबताना ऐकला, आणि मग अर्ध्यावर, जिना मध्येच संपावा तसा, तो संपताना ऐकला. त्यानंतर तिथे काही नव्हतं. माझंही काही नव्हतं.

"तडकलाय," मी डोळे न उघडता म्हणाले. "ठेव खाली. माझी अजून सात मिनिटं बाकी आहेत." आणि मी कूस बदलली.